दुर्मीळ विमानाची गंजकी शेपटी

मित्रांनो, आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी लढाऊ विमान नव्हे. मी कुणावर बाँब टाकला नाही, कुठल्या राजाला घेऊन उडालो नाही आणि कुठल्या टपाल तिकिटावर माझं चित्र छापलं गेलं नाही. मी शेतावर औषध फवारणारं एक म्हातारं, बेढब, इंग्रजी बनावटीचं विमान आहे. पोट मोठं, शेपटी बारीक. डबक्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं पोहताना तुम्ही पाहिली असतील, तर मुद्दाम मला बघायला येण्याची गरज नाही.

दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हा इंग्लंडमधल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. युद्धाची विमानं बनवणारे हात रिकामे बसले होते. त्या काळी तिथल्या प्रत्येक इंजिनियरला एकच स्वप्न पडायचं, सगळी कामं करणारं एकच विमान बनवायचं. त्यानं औषध फवारावं, खत टाकावं, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं आणि वेळ पडली तर मेंढ्याही वाहाव्यात. मेंढ्यांसाठी माझ्या पोटाला मागच्या बाजूनं कपाटासारखी दोन दारं ठेवली होती. ही कल्पना मेंढ्यांना पसंत पडली नाही आणि गिऱ्हाइकांनाही पडली नाही. आमच्या जातीची पंचवीस-तीस विमानं बनली आणि कारखान्याला कुलूप लागलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे काही शहाण्या माणसांनी याच गोष्टीबद्दल माझा फार मोठा गौरव केला.

मला लाकडी खोक्यांत भरून बोटीनं मुंबईला आणलं आणि तिथून वऱ्हाडात पाठवलं. तिथं एक कंपनी कपाशीवर औषध फवारायची. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या कपाशीवर गेली. पहाटे उठायचं, पोटात औषध भरून घ्यायचं, झाडाच्या शेंड्याला चाक लागेल इतकं खाली उतरायचं आणि बांध आला की वर उसळायचं. दिवसाला तीस-तीस फेऱ्या व्हायच्या. माझ्या रंगाबद्दल, रूपाबद्दल किंवा घराण्याबद्दल तिथं कुणी कधी चौकशी केली नाही.

तिथं नागोराव नावाचा एक मेकॅनिक होता. वय बावीस-तेवीस, अंगानं काटक, बोलायला कमी. फवारणीचं औषध किडीला मारतं तसं लोखंडालाही खातं. माझं अंग म्हणजे आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर ताणून बसवलेलं कापड. रोज संध्याकाळी नागोराव मागची झाकणं उघडायचा आणि शेपटीच्या टोकापर्यंत हात घालून मला पाण्यानं धुवायचा. मग फडक्यानं पुसायचा आणि नळ्यांना तेलाचा हात फिरवायचा.

पायलट साहेब सिगारेट ओढत हसायचे. "काय नागोराव, धुतली का म्हैस?"

"धुतली साहेब. सकाळी तिच्यावर तुमीच बसनार ना, म्हनून धुतली."

आमच्या तळावर एक रीत होती. दुरुस्तीनंतर ज्या मेकॅनिकनं वहीत 'विमान ठीक आहे' म्हणून सही केली, त्यानंच पहिल्या उड्डाणात पायलटशेजारी बसायचं. ती कायद्यात कुठे लिहिलेली नव्हती, पण ती मोडलेली मी कधी पाहिली नाही. आपण ज्यावर सही केली त्यातच आपल्याला बसायचं आहे, हे माहीत असलं की माणूस एकेक बोल्ट दोनदा बघतो. नागोरावानं माझ्या वहीत किती सह्या केल्या ते मी मोजलं नाही. तो दर वेळी बसला, एवढं आठवतं.

पुढे कंपनीचे दिवस फिरले. नागोरावाला नोकरीवरून कमी केलं आणि तो पोटासाठी पुण्याला एका कारखान्यात गेला. त्याच्यामागे एक हंगाम कसाबसा झाला. शेवटची फवारणी आटोपली, सगळे घरी गेले आणि मला धुवायचं राहून गेलं. माझ्या पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ त्या एका संध्याकाळी आहे.

पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी मला विकत घेतलं. त्यांना विमान शिकवण्याची शाळा काढायची होती. पंख उतरवून मला ट्रकवर चढवलं आणि धायरीला गेनबा नावाच्या शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. तेव्हा धायरी हे खरोखरच गाव होतं.

"आठ दिवसांत नेतो," गृहस्थ म्हणाले.

गेनबानं मला खालून वर पाहिलं. "हे उडतं व्हय?"

"उडतं की."

"मग उडवत का न्हाई आणलं?"

गृहस्थ ट्रककडे वळले. त्यांचे ते आठ दिवस तेवीस वर्षं चालले. शाळा निघाली नाही आणि गृहस्थ फिरकले नाहीत. गेनबानं माझ्या पंखांवर कांदे वाळवले, पोटात कडबा भरला आणि कोंबड्यांनी माझी शेपटी पसंत केली. तेवीस वर्षं रोज त्या तिच्यावर बसत आणि आपलं काम करून जात. कोंबडीची विष्ठाही लोखंडाला औषधाइतकीच आवडते, हे तुम्हाला शाळेत शिकवत नसतील. तरी गेनबाबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं माझी काळजी घेतली नाही, पण घेतो असा आवही आणला नाही.

मग ते नवे दिवस आले. धायरीच्या शेतांत कॉम्प्युटरवाल्यांसाठी इमारती उगवू लागल्या. गेनबाच्या माघारी त्याचा मुलगा इंद्रजीत बिल्डर झाला. मला भंगारात द्यायचं त्यानं ठरवलंही होतं. पण त्याच आठवड्यात फ्लॅट बघायला कोथरूडहून एक गृहस्थ आले. त्यांचं नाव शुभंकर. हे एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि 'दुर्मीळ विमान रसिक मंडळा'चे अध्यक्ष होते. मंडळात सभासद पाच आणि समित्या सात. शेडच्या फटीतून मला पाहताच ते फ्लॅट विसरले.

"अहो, तुमच्याकडे काय आहे याची कल्पना आहे का तुम्हाला? जगात अशी फक्त चार उरलीत. फक्त चार!"

इंद्रजीतनं भंगारवाल्याला फोन लावला होता, तो बंद केला. "चारच? मग राहू द्या की."

मित्रांनो, चारच का उरली, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. उत्तर सोपं होतं. आम्ही कुणालाच नको होतो, म्हणून आम्ही थोडे होतो. शंभर गिऱ्हाइकं मिळाली असती तर शुभंकररावांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. ज्याला कुणी विचारलं नाही त्याला शोधून काढायचं आणि मग ते आपल्याला सापडलं म्हणून आपलीच पाठ थोपटायची, या छंदाला रसिकता म्हणतात.

आता माझा जीर्णोद्धार सुरू झाला. माझा मूळ पिवळा रंग नेमका कोणता, यावर मंडळानं तीन रविवार चर्चा केली. एका सभासदानं लिंबू आणलं, दुसऱ्यानं लोणी आणलं. इंग्लंडमधल्या कुणा म्हाताऱ्याला ई-मेल गेला. त्याचं 'दोन्हींच्या मधला' असं उत्तर आलं, तेव्हा लिंबूवाले आणि लोणीवाले यांच्यात बोलणं बंद झालं. शेपटीवरची अक्षरं किती इंच उंच होती यावर एक उपसमिती नेमली. या साऱ्या काळात माझ्या आत एकानंही वाकून पाहिलं नाही. जुनं कापडसुद्धा काढलं नाही, कारण ते मूळ कापड होतं. त्याच्यावरच लिंबू आणि लोणी यांच्या मधला कुठलासा पिवळा चढला आणि माझी शेपटी बाहेरून नवरीसारखी झाली. आत काय होतं? न धुतलेलं औषध, वर कोंबड्यांची तेवीस वर्षांची मेहनत आणि डाव्या बाजूची खालची मोठी नळी, जिची चाळण झाली होती.

पंख मात्र इंद्रजीतनं एका जाणत्या माणसाकडून पुन्हा जोडून घेतले आणि इंजिनही उत्तम दुरुस्त करून घेतलं. वाईट झालं ते तिथेच. बंद इंजिनाचं विमान कुणाचा जीव घेत नाही.

इंद्रजीतची मुलगी राजनंदिनी एकवीस वर्षांची होती. नुकताच तिला विमान चालवण्याचा परवाना मिळाला होता. दसऱ्याला इंद्रजीतच्या नव्या गृहप्रकल्पाचं भूमिपूजन होतं आणि मधला मोठा रस्ता रोलर फिरवून सपाट केलेला होता. तेव्हा इंद्रजीतच्या मनात आलं, पाहुण्यांसमोर पोरीनं विमान पळवावं, दोन पुरुष उंच उचलावं आणि पुन्हा खाली टेकवावं. सगळ्या पेपरांत फोटो येईल.

"पप्पा, परमिशन लागते हो याला," राजनंदिनी म्हणाली.

"ते मी बघतो."

पुण्याच्या आसपास 'ते मी बघतो' असं कुणी म्हणालं, की परवानगी नाही असं समजावं. मुलीलाही हे कळत होतं. पण एकवीस वर्षांच्या माणसाला उडायला मिळत असलं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी शुभंकररावांनी एका म्हाताऱ्याला वारज्याहून गाडीनं आणवलं. लिंबू की लोणी, याचा अखेरचा निकाल द्यायला मला प्रत्यक्ष पाहिलेला माणूस हवा होता. म्हातारा उतरला आणि मी ओळखलं. नागोराव! माझ्या वहीतल्या सह्यांवरून त्यांना शोधून काढलं होतं. केस पांढरे झाले होते, हात तेच होते.

"काका, नीट बघून सांगा. हाच पिवळा ना?"

"पिवळा व्हता. पन लई मळका व्हता. यावर दोन घमेली धूळ टाका, मंग तोच."

एवढं बोलून नागोराव रंगाकडे पाठ करून माझ्या शेपटीपाशी गेले. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले आणि बोटाच्या पेरानं कापडावरून वरच्या नळीवर ठोकलं. टण्, असा आवाज आला. मग खालच्या नळीवर ठोकलं. थप्. ओल्या पुठ्ठ्यावर ठोकावं तसा. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा थप्.

"ही नळी मेली," ते म्हणाले. "कापड फाडा, दाखवतो."

"फाडा?" शुभंकरराव दचकले. "अहो, मूळ कापड आहे ते!"

"अन् आत मूळ गंज हाय."

"हे बघा काका, नळीसुद्धा कारखान्यातली आहे. ती बदलली की संपलं सगळं. जगाच्या यादीत आपलं विमान खाली जाईल."

"अन् पोरगी वर जाईल, त्याचं काय?"

राजनंदिनीचा पारा चढला. "काका, मी स्वतः चेक केलंय. कंट्रोल्स एकदम फ्री आहेत."

"बाई, तारा चांगल्याच हायेत. पन तारा शेपटी हलवतात. शेपटीले धरून ठेवते ती ही नळी."

इंद्रजीत मध्ये पडला. "नागोराव, तुमचा काळ वेगळा होता. सरांनी सगळं कॉम्प्युटरवर काढलंय."

"सर, गंज काढला का कॉम्प्युटरवर?"

शुभंकरराव रागावले. त्यांनी मंडळाचा छापील कागद मागवला, त्यावर 'विमानाचे सर्व भाग मूळ, अस्सल व उत्तम स्थितीत आहेत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद इंद्रजीतच्या हातात दिला. नागोरावांनी तो मागून घेतला आणि दोनदा वाचला.

"सही तुमची?"

"अर्थातच माझी."

"बरं," म्हणून नागोराव वारज्याला गेले. जाताना कुणी गाडी दिली नाही.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूला शेवटी बोलता येतं, पण ज्या दिवशी बोलायला हवं त्या दिवशी येत नाही. ते दोन दिवस मी त्या मुलीकडे पाहत होतो. ती रोज येऊन माझ्या खुर्चीत बसायची, दांडा धरायची आणि डोळे मिटून उड्डाणाचा सराव करायची. जमिनीवरून चाक सुटलं की सगळा तोल शेपटीच सांभाळणार, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. मला ते नळीतून माहीत होतं.

दसरा उजाडला. मांडव पडला, पाहुणे आले, ध्वनिक्षेपक घसा साफ करू लागला. माझ्या पंख्याला झेंडूची माळ घातली. ती राजनंदिनीनं तेवढी काढायला लावली. शुभंकररावांनी माझा इतिहास अर्धा तास सांगितला, त्यात मेंढ्या आल्या, कपाशी आली नाही. मग मुलगी आत बसली आणि इंजिन सुरू झालं. चाकाचे ठोकळे काढायला माणूस वाकला, तेवढ्यात माझ्या डाव्या पंखाच्या टोकासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात जुना खाकी सदरा. त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली.

ही खूण जगभरच्या धावपट्ट्यांवर एकच आहे. थांब. शिकलेल्या पायलटला ती मोडता येत नाही, समोर कोणीही असो. राजनंदिनीनं इंजिन मंद केलं आणि खिडकी उघडली.

"काका, बाजूला व्हा ना प्लीज!"

"होतो बाई. एकच इचारायचं हाय." नागोराव तिच्या खिडकीपाशी आले आणि मंद इंजिनावरूनही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या तळावर रीत व्हती. इमान ठीक हाय म्हनून ज्यानं सही केली, तो पहिल्या फेरीले पायलटच्या बाजूले बसायचा. मी यावर अठरा वर्सं बसलो. आता सही या सरांची हाय. तुमच्या बाजूची खुर्ची रिकामी काहून?"

पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना ही कल्पना फारच आवडली. कुणीतरी टाळी वाजवली. "बसा की सर! आज मान तुमचाच!"

शुभंकरराव हसले. मग हसणं थांबलं. "नाही, म्हणजे... माझं क्षेत्र संशोधनाचं आहे."

"बसा हो, बसा!"

"वजन वाढेल उगाच. तिला त्रास होईल."

"नाही होत सर," राजनंदिनी खिडकीतून म्हणाली. "टू-सीटरच आहे हे."

"माझी पाठ जरा..." असं म्हणत त्यांनी पाठीला हात लावला आणि एक पाऊल मागे घेतलं. ते दोन दिवसांपूर्वी नळीजवळच उभे होते. ते थप् त्यांनीही ऐकलं होतं. जगातल्या चार विमानांबद्दल त्यांना सगळं माहीत होतं आणि चारांपैकी एकातही बसायची त्यांची तयारी नव्हती.

राजनंदिनी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं इंजिन बंद केलं. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. ती खाली उतरली, शेपटीपाशी गेली आणि नागोरावांसमोर हात पसरला. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर तिच्या हातावर ठेवला.

"अहो, काय करताय? रंग! रंग!" शुभंकरराव ओरडले.

तिनं तो खालच्या नळीवर टेकवून दाबला. फार जोर लावावा लागला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा भोकातून तांबडा भुगा तिच्या पांढऱ्या बुटांवर पडला. इंद्रजीत धावत आला. त्याचा विश्वास बसेना. त्यानं दोन्ही हातांनी माझी शेपटी धरली आणि खाली दाबली. आतून मडकं फुटल्यासारखा आवाज आला आणि शेपटी एका बाजूला कलून, कापड फाडत, सर्व निमंत्रितांच्या साक्षीनं जमिनीवर बसली.

इतक्या लोकांसमोर माझी अशी फजिती आयुष्यात झाली नव्हती. आणि इतकं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं.

इंद्रजीत तिथंच मातीत बसला. परीटघडीचा सदरा, गळ्यात हार. मुलीकडे बघायचं त्याला धाडस होईना. मग तो नागोरावांना म्हणाला, "तुम्ही... तुम्ही जेवून जायचं. न जेवता जायचं नाही." त्याला दुसरं काही सुचलं नाही आणि त्या वेळी दुसरं काही सुचलेल्या माणसावर मी विश्वास ठेवला नसता.

त्यानंतर माझं कापड उतरवलं. नागोराव दर रविवारी बसनं येत आणि राजनंदिनी त्यांच्या हाताखाली काम करी. तिनं हातमोजे न घालता गंज खरवडला आणि पहिल्या दिवशी बोटं सोलून घेतली. नागोराव म्हणाले, "आता शिकाले सुरुवात झाली." भवानी पेठेतल्या दुकानातून नवी पोलादी नळी आणली, मोजून कापली आणि जोडली. आता माझं पोट इंग्लंडचं आहे आणि शेपटीतली एक बाजू भवानी पेठेची.

मंडळाचं पत्र आलं. मूळ नळी काढल्यामुळे प्रस्तुत विमान अस्सल राहिलेलं नसून, यादीतून त्याचं नाव वगळण्यात येत आहे. जगात आता अशी तीनच उरली आहेत. राजनंदिनीनं उलट टपाली उत्तर पाठवलं, 'पत्र पोचलं. नळी बसवली.' तिचं वय कमी असलं तरी ती पुण्याचीच आहे.

मी पुन्हा उडालेलो नाही. त्यासाठी खरी तपासणी आणि खरी परवानगी लागते आणि आता 'ते मी बघतो' म्हणायची इंद्रजीतची हिंमत होत नाही. अर्ज केला आहे. मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मी धायरीच्या शेडमध्ये उभा आहे. शाळेच्या सहली येतात, मुलं विचारतात, "तुझ्यासारखी किती आहेत?" मला या प्रश्नाचा कंटाळा आला आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल. ती कोणत्या कंपनीची, कितव्या मॉडेलची आणि वर्गात तशी आणखी कुणाकडेच कशी नाही, हे मला सांगू नका. तिच्या साखळीला शेवटचं तेल कधी घातलं, तेवढं सांगा.

आठवत नाही ना? मग माझी गोष्ट वाचत काय बसलात? उठा.